तेलाचे कूळ आणि कागदाची साक्ष

डहाणूच्या बाजारपेठेत किंवा तलासरीला महामार्गालगतच्या दुकानांत ब्रेड, केक, बिस्किटे आणि आइस्क्रीम यांची वेष्टने वाचली, तर घटकांच्या यादीत एक नोंद वारंवार आढळते : ‘इमल्सिफायर ४७१’. त्याच वेष्टनावर हिरवे चिन्ह असते आणि ग्राहक निश्चिंत होतो. हा ४७१ म्हणजे काय, तो कशापासून होतो आणि त्याचे कूळ कोण सांगू शकते, हे प्रश्न आहारशुद्धी पाळणाऱ्या कुटुंबाइतकेच तो माल विकणाऱ्या दुकानदाराच्याही जिव्हाळ्याचे आहेत.

४७१ हा मोनोग्लिसराइड आणि डायग्लिसराइड यांच्या मिश्रणाचा क्रमांक. ज्या प्रक्रियेने ते बहुधा तयार होते तिला ग्लिसरॉलिसिस म्हणतात. शेंगदाणा तेल असो, पामतेल असो वा साजूक तूप, साऱ्यांची मूळ घडण एकच. ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लाचे तीन रेणू जोडलेले असतात. अशा तेलात आणखी ग्लिसरीन घालून ते तापवले की मेदाम्लांची फेरवाटणी होते. एका पेढीत तीन भागीदार असावेत, शेजारी दोन नव्या पेढ्या उघडाव्यात आणि प्रत्येक पेढीस एकेक भागीदार मिळावा, तसा हा व्यवहार. कागदावरच्या हिशेबाने १०० किलो घट्ट मेदाला सुमारे २१ किलो ग्लिसरीन पुरते. प्रत्यक्षात ही वाटणी पूर्ण होत नाही. काही पेढ्यांत एक भागीदार, काहींत दोन आणि थोड्यांत पूर्वीप्रमाणे तीनही राहतात. सामान्यतः अशा मालात मोनोग्लिसराइडचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते.

कारखान्यात हे काम पोलादी पात्रात २०० ते २५० अंश सेल्सिअस तापमानास चालते. तेल आणि ग्लिसरीन सहजी मिसळत नाहीत, म्हणून सतत ढवळावे लागते. हवेमुळे माल काळवंडू नये यासाठी पात्रात नायट्रोजन भरतात. उत्प्रेरक म्हणून चुना किंवा कॉस्टिक सोडा अल्प प्रमाणात घालतात. काम होताच त्याचा प्रभाव फॉस्फोरिक आम्लाने नष्ट करून माल त्वरेने थंड करतात, अन्यथा झालेली वाटणी उलट फिरू लागते. अधिक शुद्ध माल हवा असल्यास अतिशय कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून ९० टक्क्यांहून अधिक मोनोग्लिसराइड मिळवतात.

एवढा खटाटोप कशासाठी? या रेणूचे एक टोक पाण्याशी व दुसरे तेलाशी सख्य करते. त्यामुळे केकच्या मिश्रणात हवा टिकते आणि आइस्क्रीम गुळगुळीत लागते. पावातील पिष्टाशी त्याचा संयोग होतो व पाव लवकर कडक होत नाही. शेकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपासची मात्राही पुष्कळ काम करते.

अडचण उगमाची आहे. ही प्रक्रिया पामतेलावर होते तशीच जनावरांच्या चरबीवरही होते. पामतेलातील स्टिअरिक आम्ल आणि चरबीतील स्टिअरिक आम्ल यांच्या रेणूत काहीही भेद नाही. कच्च्या तेलात उगमाच्या काही सूक्ष्म खुणा असतात, पण तापवणे आणि ऊर्ध्वपातन यांनंतर त्या पुसट होतात. चव, रंग, वास यांवरून तर काहीच उमगत नाही. ग्लिसरीनबाबतही हेच : साबणाच्या धंद्यात ते वनस्पती तेलापासून निघते, तसेच चरबीपासूनही.

अशी शंका अनाठायी नाही. १९८३ साली आयात केलेली गोचरबी वनस्पती तुपात मिसळल्याचे प्रकरण उघड झाले, देशभर क्षोभ उसळला आणि सरकारने त्या चरबीच्या आयातीवर बंदी घातली. ज्येष्ठ वाचकांना ते दिवस स्मरत असतील.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली कुटुंबे मोहाच्या बियांचे तेल काढत आली आहेत. थंडीत ते थिजते. रसायनदृष्ट्या तेही ट्रायग्लिसराइडच, पण झाड दारात आणि बी हातात असल्याने त्याचे कूळ विचारावे लागत नाही. कारखान्याच्या मालाचे तसे नाही. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव झाला आणि उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा आली. पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने त्यावर देखरेख केली. या निर्बंधांनी चिकूच्या बागा राखण्यास हातभार लावला. रासायनिक प्रक्रिया होऊन येणारा माल मात्र येथील दुकानदाराला दुरून येतो आणि तो कसा झाला हे त्याला दिसत नाही.

हा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. १९७० साली रमेश शाह आणि प्रकाश कामत यांनी स्थापन केलेली फाइन ऑरगॅनिक्स ही कंपनी अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथील कारखान्यांत वनस्पती तेलांपासून अशी द्रव्ये तयार करते. म्हणजे शाकाहारी ४७१ दुर्मीळ नाही. तो शाकाहारी आहे याचा पुरावा पुरवठ्याच्या साखळीतून दुकानापर्यंत पोहोचतो का, एवढाच प्रश्न उरतो.

कायद्याची दिशाही तीच आहे. शाकाहार-मांसाहाराची चिन्हे २००१ साली नियमांत आली. ९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने राम गौ रक्षा दलाच्या याचिकेवर आदेश दिला, की घटकाचा केवळ क्रमांक छापून भागणार नाही. तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत झाला हेही सांगावे, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो.

जैन आचारात कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगितले आहेत. विक्रेता स्वतः माल बनवत नसला, तरी त्याची मागणी मालाला वाट करून देते. म्हणून बेकरी, फरसाण किंवा आइस्क्रीमच्या व्यवसायातील कुटुंबांनी तीन गोष्टी कराव्यात. ४७१ च्या पुरवठादाराकडून तेल आणि ग्लिसरीन या दोहोंच्या उगमाचे लेखी प्रतिज्ञापत्र घ्यावे, कारण एकाचेच घेतले तर अर्धा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रत्येक खेपेचा बॅच क्रमांक बिलाशी जुळवून जपावा. पुरवठादार बदलला की जुन्या कागदावर विसंबू नये.

बँकेतही तारण डोळ्यांना दिसते म्हणून कर्ज मिळत नाही. मालकीची साखळी कागदोपत्री अखंड असावी लागते. ४७१ ची पारख याच रीतीने करावी लागेल. प्रयोगशाळेला जे सांगणे कठीण, ते नीट ठेवलेली फाइल सांगू शकते, आणि ग्राहकाने विचारले तर ती फाइल काढून दाखवणे हे दुकानदाराच्या हाती आहे.