रस्ता मधे उंच का असतो?

गिरीजहून वसई रोड स्थानकाकडे आपण कितीतरी वेळा गेला असाल. डांबरी रस्ता मधे किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, हे कधी पाहिले आहे का? या बाकाला अभियंते कॅम्बर म्हणतात. जोराच्या पावसाच्या भागात तो साधारण 40 ला 1 ठेवतात. म्हणजे रस्ता 6 मीटर रुंद असेल, तर मधला भाग कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच होतो. एवढ्या उतारावरून पाणी गटाराकडे निघून जाते. पाणी साचले तर ते भेगांतून आत मुरते, खडीवरचे डांबर सुटते आणि चाकांच्या दाबाने खड्डा पडतो. मग उतार आणखी वाढवला तर? वाहने एका बाजूला कलतील!

आता डोंगरउताराला मातीचा भराव अडवणारी दगडी भिंत पाहा. तिच्यात ओळीने भोके दिसतात. ती बांधताना राहून गेलेली नसतात. भिंतीमागे 2 मीटर उंच पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे 2 टन भाराएवढा दाब येतो. भोकांतून पाणी झिरपले, की हा जास्तीचा दाब टळतो.

रेल्वेच्या अनेक फलाटांवर उंचवटे असलेल्या पिवळ्या फरश्या बसवलेल्या असतात. जपानमधील सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये अशा फरश्या तयार केल्या. 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे ‘पुढे चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा’. अंध प्रवासी हे पायाने आणि काठीने वाचतो.

ज्याला हे ठाऊक नाही, तो भिंतीची भोके सिमेंटने बुजवतो, गटाराच्या तोंडाशी कचरा टाकतो, पिवळ्या फरशीवर सामान ठेवतो. भिंत फुगते, रस्ता तुंबतो आणि अंध माणसाची वाट तुटते.

करून पाहा : गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरा. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या अंगणात तिची दोन टोके दूर धरा. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहील. तिथून जमीन किती खाली आहे ते दोन्ही टोकांशी मोजा. दोन मापांतील फरक म्हणजे अंगणाचा उतार. तो नाल्याकडे आहे की वर्गाकडे, हेही पाहा!