सुलभ वेबसाइट: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

बँकेतलं खातं, महाविद्यालयाचा प्रवेश, नाटकाचं तिकीट, वीजबिल या सगळ्या कामांची सुरुवात आता वेबसाइटवरून होते. तरीही बहुतेक वेबसाइट दिव्यांग व्यक्तींना वाटेतच अडवतात. ‘वेबएम’ या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं यंत्राद्वारे तपासली, तेव्हा ९४.८ टक्के पानांवर सुलभतेच्या निकषांचा भंग आढळला. यामागे दुष्ट हेतू क्वचितच असतो, पण गैरसमज मात्र भरपूर असतात. सुलभतेमुळे संस्थेचं स्वतःचंच काम नीट चालतं, हे त्या गैरसमजांमुळे लक्षात येत नाही.

गैरसमज १: दृष्टिहीन माणसं वेबसाइट वापरत नाहीत.

वस्तुस्थिती: रोज वापरतात. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतं आणि ते मराठीही वाचतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असतं. अडचण येते ती वेबसाइटच्या बांधणीत. ‘पैसे भरा’ या बटणाला कोडमध्ये नावच दिलेलं नसेल, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘बटण’ एवढंच ऐकू येतं. ते दाबलं की पैसे जातील की अर्ज रद्द होईल, हे त्याला कसं कळणार? तो व्यवहार सोडून देतो आणि संस्थेच्या हातून ग्राहक जातो.

गैरसमज २: असे लोक मूठभर असतात.

वस्तुस्थिती: २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रातल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. शिवाय सुलभ रचनेचा उपयोग एवढ्यांपुरताच राहत नाही. फिकट राखाडी अक्षरं न दिसणारे आजोबा, हात प्लास्टरमध्ये असलेली विद्यार्थिनी, भर उन्हात फोन पाहणारा रिक्षाचालक, लोकलच्या गोंगाटात व्हिडिओखालच्या ओळी वाचणारा प्रवासी या सगळ्यांचं काम अशा रचनेमुळे सोपं होतं.

गैरसमज ३: मजकूर मराठीत आहे, म्हणजे मराठी वाचकाची सोय झाली.

वस्तुस्थिती: तो मजकूर कशा स्वरूपात आहे, यावर सगळं अवलंबून असतं. सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र असतं. युनिकोडआधीच्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं असल्याने ऐकताना त्याचा काहीच अर्थ लागत नाही. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी नोंदवलेली असेल, तर मराठीला इंग्रजी आवाज लागू शकतो. युनिकोड मजकूर, नीट नोंदवलेली मथळ्यांची उतरंड आणि छायाचित्रांचं शब्दांतलं वर्णन एवढं केलं, तर दृष्टिहीन वाचकाला पान वाचता येतं. हाच मजकूर गुगललाही वाचता येतो, त्यामुळे संस्थेची माहिती शोधणाऱ्याला लवकर सापडते.

गैरसमज ४: खर्च फार येतो आणि वेबसाइट रुक्ष दिसते.

वस्तुस्थिती: इमारत उभी राहिल्यावर रॅम्पसाठी पायऱ्या फोडाव्या लागल्या, तर खर्च वाढणारच. वेबसाइटचंही तसंच आहे. आराखड्यातच सुलभता धरली, तर खर्च बराच कमी राहतो. ‘डब्ल्यूसीएजी’ हे वेबसाइटच्या सुलभतेचे जागतिक निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत आणि भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस १७८०२’ हे मानकही आहे. त्यांत रंगांना बंदी नाही. सर्वसाधारण आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक हवा, अशी अपेक्षा आहे. हा निकष पाळून देखणी वेबसाइट सहज करता येते.

गैरसमज ५: सुलभतेचं विजेट बसवलं की काम झालं.

वस्तुस्थिती: विजेट म्हणजे वेबसाइटवर वरून जोडलेलं तयार साधन. त्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारून अक्षरं मोठी झाली, तरी बिननावाचं बटण बिननावाचंच राहतं. आपल्या साधनामुळे कोणतीही वेबसाइट निकषांत बसते, असा दावा करणाऱ्या ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये कारवाई केली आणि तिला १० लाख डॉलर भरायला लावले. दुरुस्ती मूळ कोडमध्येच करावी लागते.

गैरसमज ६: ही सक्ती फक्त सरकारी कार्यालयांना आहे.

वस्तुस्थिती: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुलभतेचे नियम पाळायला सांगतो. भंग झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीसाठी, पापणी मिटून दाखवता येत नव्हती, त्यातून हा खटला उभा राहिला होता. युरोपीय संघातल्या ग्राहकांना ऑनलाइन विक्री करणाऱ्या अनेक कंपन्यांना २८ जून २०२५ पासून तिथला सुलभता कायदाही लागू झाला आहे.

सुरुवात आजच करता येईल. माउस बाजूला ठेवा आणि केवळ कीबोर्ड वापरून आपल्याच वेबसाइटवरचा एक अर्ज पूर्ण करून पाहा. जिथे अडाल, तिथेच तुमचा ग्राहक, विद्यार्थी किंवा सभासदही अडत असणार. मग वेबसाइट तपासण्यासाठी दिव्यांग वापरकर्त्यांना बोलवा, त्यांना त्या कामाचा मोबदला द्या आणि पुढच्या वेबसाइटच्या करारात सुलभतेची अट लेखी घाला. आपल्याकडे येऊ पाहणाऱ्या माणसाला आत येता यावं, ही कोणत्याही संस्थेची पहिली जबाबदारी आहे.