चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील स्वयंचलन आणि रोजगार

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व भागातील दोन वनव्याप्त जिल्हे आहेत. येथील कोळसा व लोहखनिजाच्या खाणी, औष्णिक वीजनिर्मिती, वनव्यवस्थापन आणि शासकीय कार्यालये यांमध्ये यंत्रे, संगणक व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या वापरामुळे कामाचे स्वरूप, कामगारांची संख्या आणि लागणारी कौशल्ये बदलत गेली आहेत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. चंद्रपूरचा पश्चिम भाग उद्योगप्रधान आहे, तर गडचिरोलीची अर्थव्यवस्था दीर्घकाळ शेती व वनोपज यांवर अवलंबून राहिली आहे. त्यामुळे स्वयंचलनाचे परिणाम दोन्ही जिल्ह्यांत सारखे नाहीत.

संकल्पना

या बदलाचे तीन टप्पे मानता येतात. यांत्रिकीकरणात माणसाच्या स्नायूंचे काम यंत्र करते. टोपलीने कोळसा भरणाऱ्या मजुराच्या जागी भरणी यंत्र येणे हे त्याचे उदाहरण होय. स्वयंचलनात यंत्रावर लक्ष ठेवण्याचे व ते सुरू-बंद करण्याचे काम नियंत्रण प्रणालीकडे जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेत ओळखणे, वर्गीकरण करणे व अंदाज बांधणे ही कामे संगणक करू लागतो. एक टप्पा संपल्यावर दुसरा सुरू होतो असे मात्र नाही. चंद्रपूर परिसरात हे तिन्ही टप्पे आज एकाच वेळी आढळतात. बहुतेक ठिकाणी संपूर्ण नोकरी एकदम नाहीशी होत नाही. नोकरीतील काही कामे यंत्राकडे जातात व उरलेल्या कामांची नव्याने विभागणी होते. ही विभागणी कोणाच्या वाट्याला काय देते, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

कोळसा खाणी

चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यात आढळतो. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडियाची उपकंपनी म्हणून वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (वेकोलि) स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूर येथे असून चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी ही तिची या भागातील क्षेत्रे आहेत.

जुन्या भूमिगत खाणींत सुरुंग लावून फोडलेला कोळसा ‘लोडर’ म्हणून ओळखले जाणारे मजूर टोपल्यांनी उचलून लोखंडी टबांत भरत. एका पाळीसाठी असे अनेक मजूर लागत आणि त्यांची मजुरी भरलेल्या टबांवर ठरत असे. पुढे साइड डिस्चार्ज लोडर व लोड हॉल डंपर ही भरणी यंत्रे भूमिगत खाणींत आली. त्याहून मोठा बदल खुल्या खाणींमुळे झाला. खुल्या खाणीत वरची माती व खडक काढून कोळसा उघडा केला जातो. तेथे शॉव्हेल, डंपर, ड्रिल व डोझर ही अवजड यंत्रे प्रमुख असतात आणि कामगार हा मुख्यतः यंत्रचालक, मेकॅनिक किंवा विद्युत तंत्रज्ञ असतो. आज कोल इंडियाच्या एकूण उत्पादनातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून येतो.

उत्पादन व मनुष्यबळ यांचा संबंध यामुळे उलटा झाला. स्थापनेच्या वर्षी कोल इंडियाचे उत्पादन सुमारे ७.९ कोटी टन होते; २०२३-२४ मध्ये ते ७७.३६ कोटी टनांवर पोहोचले, म्हणजे जवळजवळ दहापट झाले. याउलट, एकेकाळी सहा लाखांहून अधिक असलेली कायम कामगारांची संख्या सुमारे २.३ लाखांवर आली. ही घट प्रामुख्याने निवृत्त होणाऱ्यांच्या जागा न भरल्यामुळे झाली. कंत्राटदारांकडे काम करणारे चालक व मजूर या आकड्यात येत नाहीत, हे तुलना करताना लक्षात ठेवावे लागते. माती काढणे व कोळसा वाहून नेणे ही कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटी पद्धतीने चालतात. म्हणून कायम नोकऱ्यांतील सर्व घट यंत्रांमुळेच झाली असे म्हणता येत नाही.

खाणींतील देखरेखही बदलली आहे. कोळसा वाहणाऱ्या वाहनांवर उपग्रहाधारित स्थाननिश्चिती उपकरणे बसवली जातात आणि वजनकाट्यावर वाहनाची ओळख रेडिओ लहरींवर चालणाऱ्या पट्टीने होते. पूर्वी वजनकाट्यावरील कारकून वहीत करीत असलेली नोंद आता संगणकात आपोआप होते.

प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार संपादित झालेल्या दर दोन एकर जमिनीमागे एक नोकरी देण्याची तरतूद आहे. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ही नोकरी म्हणजे गेलेल्या शेतीचा मोबदला असतो. मात्र खाण जितकी यांत्रिक, तितकी तिला अकुशल मजुरांची गरज कमी असते. जमीन देणाऱ्यांची संख्या संपादित क्षेत्रावर ठरते, तर खाणीला लागणारे मनुष्यबळ यंत्रांवर ठरते. या दोहोंत वाढणारे अंतर हे खाणपट्ट्यातील अनेक मागण्यांच्या मुळाशी आहे. प्रकल्पग्रस्तांची भरती बहुधा सर्वसाधारण मजूर या प्रवर्गात होते. यंत्रचालक किंवा तंत्रज्ञ होण्यासाठी त्यांना पुढे प्रशिक्षण व परवाने मिळवावे लागतात.

वीजनिर्मिती

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र हे महानिर्मिती कंपनीचे सर्वांत मोठे केंद्र असून त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. २१० मेगावॅटचे दोन व ५०० मेगावॅटचे पाच संच मिळून ही क्षमता होते. २१० मेगावॅटचे सर्वांत जुने दोन संच बंद करण्यात आले आहेत. संचाची क्षमता वाढली म्हणून चालकांची संख्या त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण बाष्पकातील दाब, तापमान व इंधनाचा पुरवठा यांचे नियंत्रण एकाच नियंत्रण कक्षातून पडद्यावर पाहून करता येते. पूर्वी ठिकठिकाणी जाऊन मापकांवरील आकडे टिपणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम संवेदकांनी घेतले. कोळसा हाताळणी, राख वाहतूक व स्वच्छता ही धुळीची कामे मात्र अजूनही माणसांना करावी लागतात. स्वयंचलनाने धोक्याची व कष्टाची कामे आधी संपतात, ही सर्वसाधारण समजूत येथे पूर्णपणे लागू पडत नाही.

लोहखनिज उद्योग

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागड येथे लोहखनिजाची खाण असून तेथील उत्खनन २०२१ पासून नियमितपणे सुरू झाले. खनिजाच्या वाहतुकीमुळे ट्रकचालक, मदतनीस, गॅरेज व रस्त्याकडेच्या खाणावळी असा रोजगार निर्माण झाला. त्याचबरोबर रस्त्यांची दुरवस्था व अपघात यांविषयी तक्रारीही वाढल्या. २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटर लांबीची वाहिनी कार्यान्वित झाली. तिच्यातून दळलेले लोहखनिज पाण्यात मिसळून वाहून नेले जाते. अशा वाहिनीमुळे रस्त्यावरील अवजड वाहतूक, धूळ व डिझेलचा वापर कमी होतो, पण त्या वाहतुकीवर अवलंबून असलेल्या रोजगाराची गरजही कमी होते. वाहिनीला लागणारे मनुष्यबळ थोडे व तांत्रिक असते. एकाच बदलाने गावाला दिलासा मिळणे आणि त्याच गावातील चालकाचे काम जाणे, या दोन्ही गोष्टी संभवतात.

वन व वन्यजीव व्यवस्थापन

कृत्रिम बुद्धिमत्तेचा या भागातील सर्वांत ठळक वापर वन विभागात दिसतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा व बफर मिळून क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. व्याघ्रगणनेसाठी जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी ७६,६५१ छायाचित्रे वाघांची व ५१,७७७ बिबट्यांची होती. म्हणजे दर शंभर छायाचित्रांत एकाहूनही कमी छायाचित्र या दोन प्राण्यांचे होते. एवढी छायाचित्रे डोळ्यांनी पाहून निवडणे अत्यंत वेळखाऊ असते. त्यासाठी ‘कॅट्रॅट’ ही प्रजातीनुसार वर्गीकरण करणारी संगणक प्रणाली वापरण्यात आली. अंगावरील पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्यासाठी स्वतंत्र प्रणाली वापरली जाते.

वनरक्षकाच्या गस्तीची नोंदही २०१० पासून ‘एम-स्ट्राइप्स’ या प्रणालीद्वारे होऊ लागली. वनरक्षकाने कोणत्या वाटेने किती अंतर चालून काय पाहिले, हे मोबाइलवर नोंदले जाते. यामुळे वाघाच्या हालचालींबरोबर वनरक्षकाच्या हालचालीही वरिष्ठांना दिसतात. कामाचे मोजमाप सोपे झाले, तसेच कामावरील पाळतही वाढली.

२०२३ मध्ये मोहर्ली वनपरिक्षेत्रातील सीतारामपेठ या गावालगत वाघ ओळखणारे कॅमेरे बसवण्यात आले. वाघ दिसताच ही यंत्रणा इशारा पाठवते. त्यानंतर गावकऱ्यांना सावध करणे, गुरे आत घेणे व गर्दी आवरणे ही कामे वन कर्मचारी व गावातील तरुणांच्या प्राथमिक प्रतिसाद दलाला करावी लागतात. इशारा वेळेवर मिळाला तरी त्याचा उपयोग या माणसांच्या तत्परतेवर ठरतो.

वनोपज

तेंदूपत्ता, मोहफुले व बांबू यांचे संकलन आजही हातानेच होते. उन्हाळ्यात कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडतात, सत्तर पानांचे एक याप्रमाणे पुडके बांधतात आणि ती फडावर देतात. विखुरलेली झुडपे, उंचसखल जमीन व पानाची प्रत ओळखण्याची गरज यांमुळे हे काम यंत्राकडे गेलेले नाही. वाघांच्या हल्ल्यांना बळी पडणाऱ्यांत असे संकलन करणाऱ्यांचाही समावेश असतो. म्हणून इशारा देणाऱ्या यंत्रणेचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

या क्षेत्रात उत्पन्नाचा बदल यंत्राऐवजी कायद्याने घडवला. वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. काम तेच राहिले. विक्रीचा निर्णय व त्यातील वाटा बदलला.

कार्यालयीन कामे व भाषा

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा ऑनलाइन मिळू लागला. उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जाण्याची गरज कमी झाली. ज्या गावांत मोबाइलचे जाळे क्षीण आहे, तेथे सेवा केंद्राचा चालक हा नवा मध्यस्थ बनला.

गडचिरोलीत गोंडी व माडिया या भाषा मोठ्या प्रमाणावर बोलल्या जातात. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतर प्रणालीत गोंडीचा समावेश आहे. गोंडीची बोलीरूपे प्रदेशागणिक बदलतात आणि तिचे लिखित साहित्य थोडे आहे. आरोग्य केंद्रात किंवा न्यायालयात शब्दाचा अर्थ चुकल्यास त्याचे परिणाम गंभीर असतात. त्यामुळे स्थानिक दुभाषे व शिक्षक यांची गरज कायम राहते. अशा प्रणालींचे भाषांतर तपासण्यासाठीही त्यांचेच ज्ञान लागते.

कायदेशीर तरतुदी व प्रशिक्षण

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९अ नुसार कामगार कपात होण्याची शक्यता असलेली यंत्रसुधारणा करण्यापूर्वी मालकाने कामगारांना २१ दिवसांची सूचना देणे आवश्यक होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही अशीच तरतूद आहे. निवृत्तीमुळे रिकाम्या झालेल्या जागा न भरल्यास मात्र कोणाचीही कपात होत नाही. म्हणून जागा कमी होऊनही ही तरतूद लागू पडत नाही. अशा वेळी नुकसान नोकरीत असलेल्या कामगाराचे होत नाही, नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या पुढच्या पिढीचे होते.

तांत्रिक शिक्षणासाठी चंद्रपूर येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये महिलांना काही अटींवर भूमिगत खाणींत तांत्रिक व पर्यवेक्षी कामे करण्यास, तसेच खाणीच्या पृष्ठभागावर रात्रपाळीत काम करण्यास परवानगी मिळाली. शारीरिक बळाची अट सैल करणारी यंत्रे आणि ही परवानगी यांमुळे स्त्रियांना पूर्वी बंद असलेली कामे खुली होऊ शकतात. त्यासाठी प्रशिक्षण खाणीजवळच्या गावांपर्यंत आणि समजेल अशा भाषेत पोहोचणे आवश्यक असते. अन्यथा जमीन स्थानिकांची व तांत्रिक नोकऱ्या बाहेरच्यांच्या, अशी स्थिती निर्माण होते.