फ्रीलान्स करार संपतोय? शेवटचं बिल अडकू नये म्हणून आधी ही कामं उरका

शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा मेसेज येतो, 'पुढच्या महिन्यापासून प्रोजेक्ट थांबवतोय. थँक्स फॉर एव्हरीथिंग!' सोमवारी ड्राइव्ह आणि ऑफिसच्या चॅट ग्रुपमधून तुमचं नाव काढलेलं असतं. दोन बिलं मात्र बाकीच.

नोकरीत नोटीस पिरियड, फुल अँड फायनल, पीएफ असतं. फ्रीलान्सरला यातलं काहीच आपोआप मिळत नाही. जे लेखी आहे, तेच कामी येतं. म्हणूनच करार संपतोय हे कळल्यावर पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे.

सर्वात आधी काय करायचं?

करार उघडा. नोटीस किती दिवसांची, अर्धवट कामाचे पैसे कसे मोजायचे आणि बिल किती दिवसांत द्यायचं, या तीन गोष्टी शोधा. फोनवर काही ठरलं असेल, तर त्याच दिवशी ईमेल करा : 'आज बोलल्याप्रमाणे कामाचा शेवटचा दिवस अमुक, बाकी रक्कम तमुक.' लॉगिन बंद होण्याआधी काम मंजूर झाल्याचे मेल आणि तासांच्या नोंदी जपून ठेवा. क्लायंटचा गोपनीय डेटा मात्र सोबत घेऊ नका.

पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?

तुमची 'उद्यम' नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा मदतीला येतो. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली असली, तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. पण ती काम सुरू होण्याआधीच करून ठेवा. वाद झाल्यावर केलेल्या नोंदणीचा जुन्या बिलासाठी उपयोग होईलच असं नाही.

केलेलं काम कोणाचं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सरने लिहिलेला लेख किंवा कोड सहसा त्याचाच असतो. सही केलेल्या लेखी कागदाशिवाय तो हक्क क्लायंटकडे जात नाही. पैसे घेऊन काढून दिलेल्या फोटोंचा नियम मात्र उलटा आहे. वेगळं ठरलं नसेल, तर हक्क काम सांगणाऱ्याचा. पुढच्या करारात 'पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील' हे एक वाक्य जरूर टाका.

पैसे अडकले म्हणून क्लायंटची वेबसाइट बंद पाडणं किंवा पासवर्ड बदलणं टाळा. आयटी कायद्याखाली तक्रार तुमच्यावरच होऊ शकते.

टीडीएस कापला, पण भरला का?

व्यावसायिक फीवर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, हे आयकर पोर्टलवर तपासा. संपर्क तुटल्यावर टीडीएस प्रमाणपत्र मागणं अवघड जातं.

प्रतिस्पर्धी कंपनीचं काम घेता येतं?

करार संपल्यानंतर असं काम करण्यावर घातलेली बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र लागू राहते.

तरीही पैसे आले नाहीत तर?

आधी बिल क्रमांक आणि तारखेसह लेखी आठवण द्या. मग वकिलाची नोटीस. क्लायंट भारतातला असेल, तर उद्यम नोंदणी असलेल्यांना सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. दिवाणी दाव्यासाठी साधारण ३ वर्षांची मुदत असते. परदेशी क्लायंटकडून वसुली कठीण, तिथे सुरुवातीलाच अॅडव्हान्स घेतलेला बरा.

आणि निरोपाचा मेल भांडणाचा नको. फाइल्स नीट सोपवा, त्याच मेलला शेवटचं बिल जोडा आणि 'मिळालं' असं उत्तर मागा. वाद झालाच, तर ते एका शब्दाचं उत्तरही पुरावा ठरतं.