काळा कोट, तीस वर्षांची वाट

नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ मध्ये त्या ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या; पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये. स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा भारतात आला १९२३ मध्ये. या तीस वर्षांत किती हुशार मुली उंबऱ्यावरूनच परतल्या असतील!

मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री मिठन टाटा (पुढे लाम). तिथल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर, १९७८ मध्ये. म्हणजे न्यायालय स्थापन झाल्यावर ११६ वर्षांनी. १९९४ मध्ये त्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राने लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. देशभर तो २००५ मध्ये लागू झाला.

पुण्यालगतच्या मांजरीसारख्या गावात लेकींच्या हक्काचा हा बदल थेट सातबाऱ्यावर येतो. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. द्राक्षबागांच्या या पट्ट्यात आता गुंठ्यागुंठ्याला मोल आहे. अशा वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले, तर सहीआधी ते तिला समजावून सांगणारी वकील हवीच.

पिढी बदलली की कायद्याचा अर्थही बदलतो. पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकलेले यशवंत चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, १९८५ मध्ये, व्यभिचाराचे कलम ४९७ वैध ठरले. २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्या घटनापीठात त्यांचे पुत्र धनंजय होते आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्राही.