बक्षीस वाटून घ्यावे की खेळत राहावे?

मे २००३. अमेरिकेतील लास वेगासच्या ‘बिनियन्स हॉर्सशू’ कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा शेवटाला आली होती. प्रत्येकी १० हजार डॉलर प्रवेश शुल्क असलेल्या या स्पर्धेत ८३९ खेळाडू उतरले होते. आता टेबलावर दोघेच उरले होते. एक होता ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा अकाउंटंट. आडनाव खरोखरच मनीमेकर! ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तो इथपर्यंत पोहोचला होता. समोर होता सॅमी फर्हा, मोठ्या रकमांचे डाव खेळून मुरलेला व्यावसायिक खेळाडू. पहिले बक्षीस २५ लाख डॉलरचे होते आणि दुसरे १३ लाखांचे.

त्या वेळी टेबलावरच्या एकूण चिप्सपैकी जवळपास दोन तृतीयांश मनीमेकरकडे होत्या. तरीही, त्याने नंतर मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, शेवटच्या लढतीपूर्वी त्यानेच फर्हाला सुचवले की दोन्ही बक्षिसांची रक्कम निम्मी-निम्मी वाटून घेऊ. म्हणजे प्रत्येकी १९ लाख डॉलर. फर्हाने नकार दिला.

पुढे असलेल्याने बरोबरीची वाटणी देऊ करावी आणि मागे असलेल्याने ती नाकारावी, हे वरवर उलटे वाटते. पण खात्रीची रक्कम आणि मोठ्या रकमेची शक्यता यांत निवड करताना माणसाचे डोके कसे चालते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

वाटणीचा प्रश्न येतो कुठून?

पोकर स्पर्धेतील चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. त्या मध्येच देऊन रोख रक्कम घेता येत नाही. चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो आणि कितव्या क्रमांकावर बाद झाला, त्यानुसार त्याला बक्षीस मिळते. बक्षिसांची उतरंड मात्र फार तीव्र असते. शेवटच्या टेबलावर एका जागेचा फरक कित्येक वर्षांच्या पगाराइतका असू शकतो. त्यातच ठरावीक वेळाने प्रत्येक डावातली सक्तीची रक्कम वाढत जाते. ती चिप्सच्या मानाने मोठी झाली की कौशल्याला वाव कमी उरतो आणि दोन-चार पत्त्यांवर निकाल लागतो.

म्हणूनच अनेक स्पर्धांत उरलेले खेळाडू खेळ थांबवून वाटणीची बोलणी करतात. सगळ्यांची संमती असेल तरच वाटणी होते. एकाने नाही म्हटले की विषय संपतो. पुष्कळदा थोडी रक्कम विजेत्यासाठी बाजूला ठेवून बाकीची वाटली जाते. आपल्याकडे पूल रमी खेळणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही.

साडेतीनशे वर्षांचा हिशेब

अर्धवट राहिलेल्या डावातली रक्कम न्यायाने कशी वाटायची, या प्रश्नातूनच संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. १६५४मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी यावर एकमेकांना पत्रे लिहिली. पास्कल यांचे उदाहरण असे : दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४ मिळतील. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असताना खेळ थांबला. उत्तर आहे ४८ आणि १६. कारण पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला सगळी ६४ मिळतात आणि हरला तर बरोबरी होऊन ३२ वाट्याला येतात. म्हणजे ३२ तर त्याची आहेतच, उरलेल्या ३२ मध्ये त्याचा निम्मा हक्क. झालेल्या डावांवर नव्हे, तर पुढे काय होऊ शकते यावर वाटणी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले.

पोकरमध्येही तोच विचार लागतो. समजा, तिघे उरले आहेत. बक्षिसे ५०, ३० आणि २० रुपयांची आहेत आणि चिप्सही ५०, ३० व २० टक्के अशाच आहेत. मग सगळे १०० रुपये चिप्सच्या प्रमाणात वाटावेत, असे पटकन वाटते. पण तसे केले तर पहिल्याला न जिंकताच पूर्ण पहिले बक्षीस मिळते, आणि तिसऱ्याला जे बक्षीस हरूनही मिळणारच होते, तेवढेच मिळते. म्हणून प्रत्येकाची पहिला, दुसरा व तिसरा येण्याची शक्यता वेगवेगळी काढून हिशेब करतात. या पद्धतीला खेळाडू ‘आयसीएम’ म्हणतात. डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडलेले सूत्र त्यामागे आहे. त्यानुसार तिघांचे वाटे सुमारे ३८, ३३ आणि २९ रुपये येतात. चिप्सचा मोठा ढीग दिसतो तितका मोलाचा नसतो आणि छोटा ढीग दिसतो तितका क्षुल्लक नसतो. मात्र या सूत्राला खेळाडूचे कौशल्य कळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

दोघेच उरले की हिशेब सोपा होतो. मनीमेकर आणि फर्हा यांचे १३-१३ लाख पक्के होते. खरी लढाई वरच्या १२ लाखांसाठी होती. चिप्सच्या प्रमाणात पाहिले तर मनीमेकरचा वाटा सुमारे २१ लाख आणि फर्हाचा सुमारे १७ लाख होतो. म्हणजे मनीमेकर आपले दोन लाख सोडायला तयार होता आणि फर्हा ते घ्यायला तयार नव्हता. मग दोघेही चुकले का?

एका डॉक्टरने दिलेले उत्तर

याचे उत्तर १७३८मध्ये डॅनिएल बर्नुली यांनी देऊन ठेवले आहे. द्रवांच्या प्रवाहावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले हे शास्त्रज्ञ शिक्षणाने डॉक्टर होते. श्वसनक्रियेवर प्रबंध लिहून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली होती. त्यांचे म्हणणे साधे होते : पैशाचे मोल ज्याच्या हातात तो पडतो त्याच्या स्थितीवर ठरते. हजार रुपये गरिबाला जेवढे उपयोगी पडतात तेवढे श्रीमंताला पडत नाहीत. रक्कम वाढत गेली तरी तिच्यापासून मिळणारे समाधान त्याच वेगाने वाढत नाही.

बर्नुली यांचे सूत्र इथे लावून पाहू. चिप्स कमी असल्या तरी अनुभवाच्या जोरावर फर्हाला जिंकण्याची निम्मी संधी होती आणि दोघांनाही ते मान्य होते, असे धरू. मग खेळत राहण्याची सरासरी किंमत दोघांनाही १९ लाखच येते. पण ज्याच्या गाठीशी फारसे काही नाही, त्याच्यासाठी या अनिश्चित १९ लाखांचे मोल बर्नुलींच्या सूत्राने खात्रीच्या १८ लाखांएवढेच भरते. त्याला पक्के १९ लाख मिळत असतील तर तो फायद्याचा सौदा आहे. याउलट ज्याच्याकडे आधीच बराच पैसा आहे आणि असे चढउतार हा ज्याचा रोजचा धंदा आहे, त्याला दोन्ही गोष्टी जवळपास सारख्याच. स्वतःच्या खेळावर त्याचा थोडा जास्त विश्वास असेल, तर नकार देणेही शहाणपणाचे ठरते.

पत्ते तेच, शक्यता तीच आणि रक्कमही तीच. तरीही दोन माणसांसाठी योग्य उत्तर वेगवेगळे असू शकते. ‘वाटून घेणारा भित्रा’ आणि ‘खेळत राहणारा शूर’ अशी विभागणी म्हणूनच चुकीची आहे.

दमलेले शरीर काय करते?

अडचण अशी, की हा हिशेब थंड डोक्याने केला जात नाही. शेवटचे टेबल बहुधा दीर्घ बैठकीनंतर आणि अनेकदा मध्यरात्र उलटल्यावर येते. त्या वेळी शरीराची अवस्था निर्णयात ढवळाढवळ करते.

अपुऱ्या झोपेचा परिणाम यात सर्वांत महत्त्वाचा. २०११मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना रात्रभर जागवून पैशांच्या निवडी करायला दिल्या. झोप झालेली असताना त्यांचा कल तोटा कमी करण्याकडे होता. जागरणानंतर तो मोठा लाभ मिळवण्याकडे झुकला. तोट्याची जाणीव करून देणारा मेंदूचा भाग जागरणानंतर कमी प्रतिसाद देत होता. म्हणजे पहाटे तीन वाजता ‘आता जिंकूनच उठणार’ असे वाटते, त्यात आत्मविश्वास किती आणि जागरण किती, हे त्या माणसालाही कळत नाही.

दीर्घकाळचा ताण उलट दिशेने ओढतो. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना आठ दिवस हायड्रोकॉर्टिसोन देऊन ही पातळी वाढती ठेवण्यात आली. सुरुवातीच्या वाढीने काही फरक पडला नाही, पण आठवड्याच्या शेवटी ते जोखीम टाळू लागले. कर्ज, घरची चिंता किंवा नोकरीचा ताण घेऊन टेबलावर बसलेला माणूस पहिल्याच देकाराला ‘हो’ म्हणून मोकळा होण्याची शक्यता म्हणूनच अधिक.

तिसरी गोष्ट मानापमानाची. २००३मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात एकाने दहा डॉलर वाटायचे आणि दुसऱ्याने ते स्वीकारायचे किंवा नाकारायचे. नाकारले तर दोघांनाही काही मिळणार नाही, असा नियम होता. वाटा फारच छोटा असेल तर अनेकांनी तो नाकारला, म्हणजे फुकटचे पैसे सोडून दिले. त्या क्षणी मेंदूतील ‘इन्सुला’ हा किळस आणि वेदनेशी संबंधित भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. वाटणीच्या बोलण्यांतही आकडा योग्य असून केवळ तो उद्दामपणे सांगितला गेला म्हणून सौदा मोडू शकतो.

प्रश्न कसा विचारला जातो?

‘१९ लाख पक्के मिळत आहेत’ आणि ‘२५ लाखांची संधी सोडावी लागेल’ ही दोन वाक्ये एकाच सौद्याची आहेत, पण ऐकणाऱ्यावर त्यांचा परिणाम वेगळा होतो. डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडले, की माणसाला लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख जास्त होते. ज्याने मनातल्या मनात पहिले बक्षीस खिशात घातले आहे, त्याला वाटणी हा तोटाच वाटणार.

वैद्यकातही हेच दिसते. १९८२मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा काल्पनिक प्रश्न रुग्ण, विद्यार्थी आणि डॉक्टरांसमोर ठेवण्यात आला. किती जण जगतात हे सांगितल्यावर शस्त्रक्रिया जितकी पसंत पडली, तितकी किती जण दगावतात हे सांगितल्यावर पडली नाही. आकडे तेच होते आणि डॉक्टरही या परिणामातून सुटले नाहीत. म्हणून कोणताही देकार दोन्ही बाजूंनी स्वतःला बोलून दाखवावा : काय मिळते आहे आणि काय सुटते आहे.

निकालावरून निर्णय जोखू नये

मनीमेकर जिंकला. शेवटच्या डावात त्याचे ‘फुल हाउस’ लागले आणि त्याला पूर्ण २५ लाख मिळाले. फर्हाला १३ लाखांवर समाधान मानावे लागले. वाटणी स्वीकारली असती तर सहा लाख जास्त मिळाले असते. म्हणून फर्हाचा निर्णय चुकला, असे म्हणण्याचा मोह होतो. १९८८मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी नेमका हाच मोह तपासला. एका डॉक्टरने हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करायचे ठरवले. माहिती आणि धोका तोच असताना, रुग्ण वाचला असे सांगितल्यावर लोकांना निर्णय चांगला वाटला आणि दगावला असे सांगितल्यावर वाईट. निर्णय घेताना हातात जे होते, त्यावरच तो जोखायला हवा.

त्यामुळे शहाणा खेळाडू आपली किमान रक्कम स्पर्धेपूर्वी, झोप झालेली असताना ठरवून कागदावर लिहून ठेवतो. बोलणी सुरू झाली की तो थोडा वेळ मागून घेतो, पाणी पितो, हिशेब स्वतः करतो. ही रक्कम घरी काय बदल घडवेल, हा प्रश्न तो टेबलावरच्या कुणाला नव्हे, स्वतःला विचारतो. नोकरीचा राजीनामा, जमिनीचा सौदा किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरवतानाही हीच शिस्त उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. शेवटच्या टेबलावर पोहोचणारे मूठभर असतात. बाकीचे बहुतेक जण पैसे घालवून परततात. भारतात २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली असून त्यात पोकर आणि रमीही येतात. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळणे, घरच्यांपासून लपवणे, उसनवारी करणे ही जुगाराच्या व्यसनाची लक्षणे आहेत. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा.