स्वस्तातली स्लॉट कार घेताना

ट्रॅकमधल्या खाचेतून धावणारी ही विजेवरची गाडी. १९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून हा खेळ घराघरांत पोचला. घरच्या ट्रॅकवर बहुधा १:३२ मापाच्या गाड्या धावतात.

स्वस्त गाडीत बॉडीवरचं बारीक रंगकाम साधं असतं, आरसे जाडसर असतात. त्याने वेगात काही फरक पडत नाही, उलट गाडी उलटली तर तुटायला कमी वस्तू! म्हणून गाडी आधी पालथी करून बघा. पुढे खाचेत बसणारी पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या वेणीसारख्या विणलेल्या पट्ट्या. रुळांतली वीज मोटरला मिळते ती यांच्यातूनच. त्या सपाट आणि टोकाशी किंचित पसरलेल्या हव्यात. नवीन गाडी अडखळत चालली, तर दहापैकी आठ वेळा दोष इथेच सापडतो, असा माझा अनुभव.

मग मागचं चाक हाताने फिरवा. टायर लंबगोल असेल, तर वळणावर गाडी थरथरते.

खरी परीक्षा मात्र चुंबक काढून घ्यावी. पोटातलं चुंबक गाडीला लोखंडी रुळांकडे खेचून धरतं आणि बरेच दोष झाकतं. ते काढल्यावरही गाडी वळणावर मागून हळूच घसरत, सांगून सवरून सुटत असेल, तर बिनधास्त घ्या. एकदम उडणारी गाडी मुलांना चटकन निराश करते.